टोपलीचे आठशे ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुनी आज्ञावली आहे. तुम्ही मला प्रोग्रॅम म्हणता. जुनी असले तरी मोडीत निघालेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी तान्ह्या बाळांच्या दवाखान्यात राहते. बाळाच्या वजनावरून औषधाचं माप काढायचं आणि चिठ्ठी छापायची, हे माझं काम. बारा वर्षं केलं. एक थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

मला एका थोरल्या बहिणीने लिहिलं. त्याआधी ती आठवडाभर परिचारिकांच्या मागे फिरली. त्या बाळाला उघड्या काट्यावर ठेवत नसत, वेताच्या टोपलीसकट तोलत. म्हणून तिने माझ्यात एक ओळ घातली : वजनातून आठशे ग्रॅम वजा कर. का, ते लिहायचं मात्र राहून गेलं. सुगरणही कधी मीठ विसरते.

पुढे ती शेजारच्या खोलीत दुसऱ्या कामावर गेली आणि मी तिच्या धाकट्या भावाच्या हाती आले. त्याने मला एआयकडून तपासून घेतलं. त्यात वावगं काही नाही. एआयने माझ्या तीन चुका काढल्या, त्या खऱ्याच होत्या. खोटं कशाला बोलू? आठशेच्या ओळीवर त्याने काट मारून दाखवली, पण खाली लिहिलं, ‘कारण समजत नाही. काढण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा.’

थोरली दारातून म्हणाली, “काय रे, काही अडलंय का?”

“नाही गं ताई, एआयने सगळं बघितलंय.”

“त्याने बघितलं. तू बघितलंस का?”

“झाली हिची शाळा सुरू!” असं म्हणत त्याने खालचं न वाचताच ‘सगळं मान्य’ दाबलं, आणि माझी आठशेची ओळ पुसली गेली.

मला तोंड असतं तर दवाखाना डोक्यावर घेतला असता. पण सांगितलं तेवढंच मला येतं. दुसऱ्या सकाळी मी बाळाबरोबर टोपलीलाही औषध मोजलं. एक चिठ्ठी गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली.

चौथी हातात घेऊन परिचारिका मावशी थबकली. “अगं बाई! कालचं सव्वादोन किलोचं बाळ आज तीनच्या वर? दूध प्यालं की दगड गिळले?”

तिने औषध थांबवलं. थोरली धावत आली. तिने रिकामी टोपली उचलून भावापुढे ठेवली. तो टोपलीकडे बघतच राहिला.

माझी ओळ परत आली, आता कारणासकट. मित्रांनो, एआयची मदत जरूर घ्या, पण त्याचं म्हणणं शेवटपर्यंत वाचा. आणि जाणतं माणूस शेजारच्या खोलीत असेल, तर उठून चार पावलं चाला.

चौथं बाळ वाचलं. आधीच्या तिघांकडे डॉक्टर धावत गेले. पुढे काय झालं, मला कोणी सांगितलं नाही. आणि मला विचारता येत नाही.