मदत करणारेच सगळे

मोठ्या बाईंना सभा म्हटलं की तिडीक यायची. त्यातून ही सभा म्हणजे कहरच होता. पूर अजून यायचाय, आणि तो ओसरल्यावर कोण कुठे राहणार, कोणाचं घर आधी दुरुस्त करायचं, ते आत्ताच ठरवायचं! वरातीमागून घोडं आणणारे बाईंनी जन्मभर पाहिले होते. या लोकांनी घोडं आधीच आणून दारात बांधलं होतं. का, तर म्हणे संकट आल्यावर माणसाचं डोकं चालत नाही. या गल्लीतल्यांचं एरवी तरी कुठे चालतं, असं बाई मनातल्या मनात म्हणाल्या आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या.

असं म्हणायचा त्यांना हक्क होता. गल्लीतली निम्मी डोकी त्यांच्याच हाताखालून गेली होती, आणि बाहेर पडताना जशी आली तशीच होती. पालथ्या घड्यावर पाणी! तो बेकरीवाला फळ्यावरचं वहीत उतरवतानाही चुकायचा, आता सभेत मोठ्या तोंडाने ‘नियोजन, नियोजन’ करत होता. तो विमा एजंट परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात मान घालायचा, आता अख्ख्या गल्लीच्या भानगडीत घालतो. आणि सगळ्यात शेवटी, बिस्किटांच्या ताटाजवळ, ती पार्लरवाली. सातवीत दोनदा बसलेली. तिला सगळे रेडिओ म्हणत. तिच्या कानात पडलेली गोष्ट चहा निवायच्या आत नदीच्या बांधापर्यंत पोचायची. बाई तिच्या दुकानासमोरून जाताना मान वळवून जायच्या. ते दुकान नेमकं त्यांच्याच घराच्या मागच्या बोळात होतं, हे त्यांचं दुर्दैव.

“आजी, तुम्हाला पंखा लागतोय ना?” सभा घेणारी मुलगी म्हणाली. नियोजन खात्याची होती, गळ्यात ओळखपत्र, पायात बूट.

“मी कोणाची आजी नाही,” बाई म्हणाल्या. “बाई म्हणायचं.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी नुसती मान वळवली, हसू थांबलं. एवढं तरी अजून शिल्लक होतं.

खरं तर त्या आल्याच नसत्या. पण ही मुलगी आदल्या आठवड्यात दारात उभी राहून सांगून गेली होती, की बांधाचं पाणी आलं तर खालच्या गल्लीतल्या सगळ्यांना गावाबाहेरच्या गोदामात हलवायचं. लांबच लांब खाटा, मध्ये पडदासुद्धा नाही, आणि घरं राहण्याजोगी होईपर्यंत महिनोन् महिने तिथेच. ज्यांना ते झेपणारच नाही, त्यांच्यासाठी वरच्या गल्लीतल्या काही लोकांनी खोल्या देऊ केल्या होत्या. खोली मिळणाऱ्यांचीच घरं आधी दुरुस्त व्हायची होती. खोल्या मोजक्याच. कोणाला द्यायच्या ते आजच्या सभेत ठरणार, आणि ते सर्वांसमोर, कारण पूर आल्यावर मग कोणी वशिला लावायला नको.

तेव्हापासून बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

कारण घरी सर होते. बाईंचे यजमान, बाई मुख्याध्यापिका होत्या त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. जगातल्या नद्या उगमापासून मुखापर्यंत तोंडपाठ असलेला माणूस आता स्वतःच्या घरात मोरी शोधत कपाटाचं दार उघडायचा. बाईंनी हात धरला की झटकून टाकायचा. “अहो, तुम्ही कोण? माझ्या घरात काय करताय?” असं विचारायचा, आणि तेही किती अदबीने! तेच बाईंना जास्त लागायचं. खिडकीजवळची खुर्ची, भिंतीवरचा नकाशा, ठरलेला कप, एवढ्यावर त्यांचा दिवस निभायचा. खुर्ची हातभर सरकली तरी संध्याकाळपर्यंत रडारड. त्यांना त्या गोदामात, शंभर अनोळखी खोकल्यांमध्ये नेऊन ठेवायचं? मरतील ते. पाण्याने नाही मरायचे, त्या खाटेवर मरतील.

आणि हे गल्लीत कोणालाही माहीत नव्हतं. सर पुस्तक लिहितायत, त्यांना भेटीगाठी नकोत, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. परदेशातल्या मुलालाही फोनवर ‘बाबा झोपलेत’ एवढंच. दया दाखवायला या लोकांनी दारात यावं? या ढ लोकांनी? त्यापेक्षा आत्ता येताना लावलं तसं बाहेरून कुलूप बरं.

मुलीने सभागृहाच्या फरशीवर खडूने सगळी गल्ली काढली होती. प्रत्येक घराला एक चौकोन. “आपापल्या घरात उभे राहा,” ती म्हणाली. लोक लहान पोरांसारखे खिदळत चौकोनात जाऊन उभे राहिले. बाईही उभ्या राहिल्या, पर्स छातीशी धरून.

“आता समजा पाणी येऊन गेलंय. घरात चिखल आहे. ज्यांच्या घरी गोदामात राहूच शकणार नाही असं कोणी आहे, त्यांनी जागेवर थांबा. बाकीच्यांनी त्यांच्या मदतीला जा. चला.”

आणि काय सांगावं! अख्खी गल्ली निघाली की मदतीला. बेकरीवाला बाह्या सरसावून निघाला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, हे सगळ्यांना ठाऊक, तरी निघाला. विमा एजंट निघाला. त्याच्या बायकोला नववा महिना लागला होता, ती पण पोट सांभाळत त्याच्या मागोमाग. गुडघे गेलेला निवृत्त पोस्टमन काठी टेकत मदतीला निघाला. सगळे मधोमध येऊन एकमेकांवर आदळले आणि ‘तुम्ही थांबा, मी आहे ना’ करत उभे राहिले. घरं रिकामी, आणि रस्त्यावर मदतीची ही गर्दी. बडा घर पोकळ वासा!

बाईंना हसू आवरेना. काय ही माणसं, काय हा ताठा! मोडतील पण ‘आम्हाला लागेल हो’ म्हणणार नाहीत. पोटभर तिरस्काराने त्या हसल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की त्या स्वतःही गर्दीतच उभ्या आहेत. चौकोनातून कधी निघाल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, “कोणालाच काही लागणार नसेल, तर खोल्या मी शेजारच्या वस्तीला देते. सगळे गोदामात.”

कोणी हललं नाही. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

“अगं, तू तिथे काय करतेस?” मुलगी अचानक म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. रेडिओ गर्दीत नव्हती. ती मोठ्या बाईंच्या रिकाम्या चौकोनात उभी होती.

बाई तरातरा तिच्यापाशी गेल्या. “माझ्या घरात कशाला शिरलीस तू?”

रेडिओने मान खाली घातली. सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, “गर्दी फार होती, बाई. जागा दिसली, उभी राहिले.” आणि मग बाईंच्या कानाशी, जेमतेम ओठ हलवून, “दुपारी तुमचा डोळा लागला ना, की सर मागच्या दाराने माझ्याकडे येतात. वर्ष झालं. म्हणतात, आज माझं लग्न आहे, केस नीट कर. मी करते. मग हात धरून परत आणून बसवते, तुम्ही उठायच्या आत. शप्पथ, मी कुणालाही बोलले नाही, बाई.”

वर्ष! हिच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून आपण मान वळवत होतो, आणि हीच वर्षभर सगळं पोटात ठेवून गप्प. आताही गप्प होती. एक शब्द बोलली असती तर सरांना खोली मिळून गेली असती. पण तो शब्द तिचा नव्हता, एवढं या दोनदा बसलेल्या पोरीला कळत होतं. रागाने आणि लाजेने बाईंचे कान तापले. सर त्या पोरीला हात धरू देतात, हे तर काळजात घुसलं.

“काय म्हणाली ती?” विमा एजंटने मान पुढे केली.

“तू गप्प बस,” बाई म्हणाल्या. मग त्या आपल्या चौकोनात रेडिओशेजारी पाय रोवून उभ्या राहिल्या आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा जुन्या आवाजात बोलल्या. “ऐका सगळे. पुस्तकबिस्तक काही नाही. सरांचं डोकं गेलंय. गोदामात ते जगणार नाहीत. मला खोली हवी.”

बेकरीवाल्याने खाली बघितलं, आणि हळूच मागे सरकत जाऊन आपल्या चौकोनात उभा राहिला. त्याच्या मागे विमा एजंटची बायको. मग काठी टेकत पोस्टमन.

मुलगी खडू घेऊन बाईंच्या चौकोनापाशी उकिडवी बसली. आवाज खाली आणून तिने विचारलं, “पाणी चढायला लागलं की घाई होईल, बाई. अशी माणसं घाबरतात, हात सोडवून पळतात. ज्याच्याबरोबर ते मुकाट्याने चालतील असं एक माणूस लागेल, खोलीतही तेच जवळ हवं. कोणाचं नाव लिहू? तुमचंच ना?”

बाईंनी तोंड उघडलं. ‘हो’ अगदी ओठावर आलं होतं. संसारातली सगळी वर्षं त्या एका शब्दामागे उभी होती.

“नाही,” त्या म्हणाल्या आणि रेडिओचं मनगट धरून तिला पुढे केलं. “हिचं लिही. माझ्याबरोबर ते येत नाहीत.”