पाठमोरा डोंगा

आमच्या घरच्या मानसाचा जीव ना बायकोत ना पोरीत, सारा त्या डोंग्याच्या, आमच्या नावेच्या, मोटरीत. मासेमारांच्या सोसायटीनं जुनी मोटर आमाले देल्ली, तवापासून शालिकराम तिले हळद-कुंकू लावे, दसऱ्याले फुलं वाहे. आन् गिअर टाके तो कसा, त बिमार लेकराले कुशीवर वळवल्यावानी. सावकाश, गोंजारत.

वडशाच्या जहीर मिस्त्रीनं ती मोटर खोलून पाह्यली होती. तो त्याले साफ बोलला, "शालिकभाऊ, गिअर खटकन मारा. असा अर्धा-अर्धा ढकलसान त आतले दात घासतीन. मंग जोर देल्ला का गिअर सुटन."

"तिले लागते ना बापा," म्हने आमचं मानूस. मी कपाळाले हात लावला.

आन् मागचा गिअर, रिवर्स, त्याचं त नावच नोको. आमच्या घाटावर डोंगा पाठमोरा आनत नाई. पाठमोरा डोंगा एकाच कामासाठी येते, बुडालेल्या मानसाले घेऊन. माझा सासरा तसाच आला होता. तवापासून माझी सासू, शकुबाई, घाटावर आली का पयले डोंग्याचं तोंड पाहाते, मंग मानसाचं. म्हनून शालिकरामनं रिवर्स एकदाही टाकला नाई. मी चिडवो, "बुढीनं सांगतलं का खाली पाहून चाला, त खड्ड्यात पडान तुमी."

त्या दिवशी दुपारी दवंडी आली का वरच्या धरनाचे दरवाजे उघडून राह्यले. आमचे जाळे नदीच्या मधात. ते वाहून गेले त पावसाळाभर खाव काय? मी म्हनलं, चला, दोघं जाऊ, झटकन ओढून आनू. आमची पोरगी दिव्यानी म्हने, "माय, नोको ना जाऊ." मी तिलेच डाफरली, "तू भात लाव. आमी हे आलोच."

जाळे त ओढले. पन तेवढ्यात पान्याचा रंग बदलला. लाल, गढूळ, आन् त्याच्यात पुरे झाडं वाहून राह्यले होते. शालिकरामनं मोटर सुरू केली, गिअर टाकला, जोर देल्ला. खडखड खडखड झालं न् गिअर सुटला. पुन्हा टाकला, पुन्हा सुटला. डोंगा फिरला न् खाली तोंड करून धारेसंग चालला.

खाली जुना ठेंगना पूल आहे. पानी त्याच्या स्लॅबले टेकलं होतं. तिथी गेलेला डोंगा पुलाखाली ओढला जाते न् मानूस वर येत नाई. माझा सासरा त्याच पुलाखाली गेला होता.

शालिकरामनं झाकन काढून पाह्यलं. "पंख्याची पिन जागेवर आहे. गिअरची दांडीही हालते."

"मंग चालत काऊन नाई?"

"पकडते न् सोडते." त्यानं झाकन परत बसवलं. "पुढच्या गिअरचे दात गेले, गोकुळे. जहीर म्हनत होता तेच झालं."

मी वल्हं मारून पाह्यलं. धार वल्ह्याले मोजतच नोती. मी भेली. खोटं कायले बोलू? डोळ्यापुढं पोरगीच दिसे, चुलीपुढं बसलेली. आन् पूल मोठा मोठा होत चालला होता.

तवा माझ्या डोक्यात आलं का ज्या गिअरले कोनी हात लावला नाई, त्याचे दात कोरे असतीन.

"रिवर्स टाका," म्हनलं मी.

त्यानं माझ्याकडं पाह्यलं. "बुढी घाटावर असन."

"असू द्या."

त्यानं दांडी धरली, आन् मेल्यानं पुन्हा गोंजारनं सुरू केलं. मी त्याच्या हातावर हात ठेवला न् होता नोता तेवढा जोर लावून हानला. खट्. डोंगा मागच्या अंगानं ओढला गेला. पन रिवर्सचा जोर लागला त मोटरीचा पंख्यावाला पायच पान्याभाईर आला. तिले खाली धरून ठेवनारी कडी झिजलेली. पंखा हवेत किंचाळला.

मी डोंग्याच्या बुडात गुडघे टेकले, मोटरीच्या टपाले, त्या वरच्या झाकनाले, खांदा लावला न् तिले भाईरच्या बाजूले रेटून धरली. पाय पान्यात गेला. टप तापलं होतं, पोळत होतं. मागच्या काठावरून पानी आत येऊन राह्यलं होतं.

"जास्त जोर नोका देऊ," मी म्हनलं, "भरन डोंगा. आन् मी सुटली त मले नोका पाहू, घाट पाहा."

"चूप बस," म्हने. उभ्यानं मोटर वळवता वळवता रडत होता तो.

किती वेळ गेला, मले समजलं नाई. मले मोटर सोडून काही दिसत नोतं. मंग घाटावरून रडनं आयकू आलं. डोंगा पाठमोरा, शालिकराम एकटा उभा, आन् मी मोटरीच्या आड दबलेली. दिव्यानीनं काय समजाव? ती "माय, माय" करत पान्यात घुसली. मले मान वर करता येत नोती, मोटर सुटली असती. मी तशीच ओरडली, "भात लावला का तू?"

रडनं थांबलं. मंग दुसऱ्या तऱ्हेचं सुरू झालं.

घाटाले लागलो. मी उठून पाय भाईर टाकनार, त शकुबाई गुडघाभर पान्यात येऊन उभी. तिनं आमच्याकडं पाह्यलंही नाई. डोंग्याच्या मागच्या काठावर हात ठेवला.

"उतरू नोका. आधी सरळ करा त्याले."

जल्मभर भांडली मी या बुढीसंग. त्या दिवशी ओल्या जाळ्यावर गुपचूप बसून राह्यली. घाटावरच्या मानसांनी डोंगा धरला, हळूहळू फिरवला, तोंड घाटाकडं केलं.

शकुबाईनं पयले डोंग्याचं तोंड पाह्यलं. मंग पोराचं. मंग माझं.

"आता उतरा," म्हने.