एकाच जहाजातले

एनिडबाईंच्या घराण्याचा तोरा एकच. इंग्रज जिथे कैदी धाडायचे त्या टास्मानियात आमचे पूर्वज आपल्या पायांनी उतरले, बेड्या घालून नव्हे! इस्टेट म्हणाल तर थोडं गवत आणि एक गळकं छप्पर, पण नाक कायम वर.

तो तोरा नातीने, टेगनने, दुपारच्या चहाला उतरवला.

"आजी, रागावू नकोस हं. खापरपणजोबा जोसाया मोजणीदार नव्हते. मेंढी चोरली म्हणून शिक्षा होऊन आले. गावातल्या त्या मर्विनआजोबांच्या पूर्वजाबरोबर, एकाच जहाजातून. जुन्या नोंदींत सापडलं."

टेगनला वाटलं, आता आजी घर डोक्यावर घेणार. बाईंना मात्र मागणी घालायला आलेला, दारात टोपी हातात धरून उभा असलेला तरुण मर्विन दिसत होता. "कैद्याच्या रक्तात मुलगी देणार नाही," आईने ठणकावलं होतं, आणि एनिड गप्प राहिली होती. पुढे दोघांचेही संसार झाले, दोघंही मागे एकटे उरले. एवढ्याशा गावात जन्मभर नुसता लांबून हात हलवायचा. आता त्याला सांगायलाच हवं होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर एनिडबाई गावातल्या मोठ्या रस्त्यावर गेल्या. तिथे फूटपाथमध्ये कैद्यांच्या नावाच्या विटा बसवतात, नावाखाली गुन्हासुद्धा कोरतात. हल्ली त्यासाठी झुंबड उडते, आणि ज्यांनी जन्मभर लपवलं तेच सगळ्यांत पुढे! मर्विन खाली बसून आपल्या पूर्वजाची वीट घासत होता.

"मर्व्ह, आमचा जोसायाही चोरच निघाला रे," त्या एका दमात म्हणाल्या.

"ठाऊक आहे. मेंढीचोर."

"कधीपासून?"

"लहानपणापासून. वडील सांगायचे."

"अरे मेल्या, मग त्या दिवशी आईच्या तोंडावर का नाही बोललास? लग्न झालं असतं आपलं!"

"कसा बोलणार? आम्हा कैद्यांच्या घरांत रीतच होती, दुसऱ्या कैद्याच्या घरचं कधी उघडं करायचं नाही. तुझ्या आईला गावात तोंड दाखवता आलं नसतं." तो ब्रश झटकत राहिला. "आणि मला वाटलं, तू काहीतरी बोलशील."

एनिडबाईंना रडू आवरेना. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

"सरक जरा," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या खांद्याचा आधार घेत कशाबशा त्याच्याशेजारी फूटपाथवर बसल्या.