सगळे दिवे एकदम लागले तेव्हा

मित्रांनो, आज खंडेनवमी आहे, आणि मला भीती वाटते.

मी एक जुना नेटवर्क-स्विच आहे. बिबवेवाडीतल्या एका लहानशा बालरुग्णालयात, जिन्याखालच्या लोखंडी कपाटात मी राहतो. माझ्या तोंडावर चौकोनी छिद्रांच्या दोन रांगा आहेत. बहुतेक छिद्रांतून एकेक वायर निघते आणि तिच्यावर मोहरीएवढा हिरवा दिवा मिणमिणतो. इमारतीतल्या संगणकांचे, यंत्रांचे, पडद्यांचे सारे बोलणे एका वायरीतून माझ्याकडे येते आणि दुसरीतून निघून जाते. मी मात्र कधीच बोललेलो नाही. आज पहिल्यांदा बोलतो आहे.

कुठल्या कारखान्यात मला घडवले, ते आठवत नाही. आठवते ती पहिली वीज, आणि तिच्यामागून अंगभर पसरलेली जाग. अकोल्याहून पुण्यात आलेल्या, इथले संगणक सांभाळणाऱ्या योगेशने मला या कपाटात बसवले. हात मागे घेत तो म्हणाला होता, “चांगला आहे जी हा. आवाज न करता काम करते.” माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

निरोप पोहोचवण्याच्या तीन रीती मला येतात. पहिली साधी: एकाचा निरोप एकालाच. दुसरी ब्रॉडकास्ट. हिच्यात आलेला निरोप, ज्या वायरीतून आला ती सोडून, उरलेल्या सगळ्या वायरींत ओतायचा. नवा संगणक सुरू झाला, की तो असाच सगळ्यांना हाक घालतो, ‘औषधांच्या खोलीतला प्रिंटर कुठे आहे?’ ज्याला विचारले तो उत्तर देतो. बाकीचे ऐकून सोडून देतात.

तिसरी रीत मल्टिकास्ट. ही माझी लाडकी. ज्यांनी ‘आम्हाला हवे’ असे आधी सांगून ठेवले आहे, तेवढ्यांनाच निरोप द्यायचा. वरच्या मजल्यावर अपुऱ्या दिवसांची बाळे काचेच्या पेट्यांत निजलेली असतात. पेटीजवळचे यंत्र त्यांचा श्वास आणि ठोके मोजते आणि मला एकदाच सांगते. मी त्या एका निरोपाच्या प्रती करतो. एक परिचारिकांच्या टेबलावरच्या पडद्याला, एक डॉक्टरांच्या खोलीला. बिलांच्या संगणकाने मागितलेले नसते, म्हणून त्याला देत नाही. बाळांची झोप मोडू नये यासाठी पेटीजवळचा इशारा अगदी बारीक ठेवलेला असतो. मोठा इशारा वाजतो तो टेबलावर. म्हणजे माझ्या हातून.

इतके असूनही माझी आठवण कोणाला होत नसे. कपाटात फिनेलची बाटली आली, रांगोळीचा डबा आला, धूळ तर न बोलावता आली. मात्र वर्षातून एकदा, शस्त्रे आणि यंत्रे पुजण्याच्या दिवशी, माझ्यासाठी दार उघडे आणि ओले फडके अंगावरून फिरे.

मित्रांनो, ब्रॉडकास्टच्या पोटात एक भय दडलेले आहे. माझ्याच एका छिद्रातून निघालेली वायर माझ्याच दुसऱ्या छिद्रात शिरली, तर सगळ्यांना घातलेली हाक फिरून मलाच ऐकू येते, जणू नवीनच. मी ती पुन्हा सगळ्यांना देतो. ती पुन्हा परतते, अधिक मोठी होऊन. असे वेटोळे ओळखून ते छिद्र मिटून घेण्याची सोय माझ्यात आहे. पण एका दुरुस्तीच्या वेळी योगेशने ती तात्पुरती बंद केली, आणि तात्पुरते म्हणजे किती, हे कोणीच ठरवले नाही. तपासणीसाठी लावलेली एक वायरही तशीच राहिली. तिचे एक टोक माझ्यात, दुसरे हवेत लोंबकळत.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला रुग्णालयाचे व्यवस्थापक श्यामसुंदरकाका फडके घेऊन आले. शनिवार पेठेतले, काटेकोर, बोलणे मोजके. समोरच्या बाकावर धायरीचे गेनबा बसले होते. त्यांची नात वर पेटीत होती.

“सायेब, ह्यात काय हाय?” गेनबांनी विचारले.

“बोलणं आहे. तुमच्या नातीचे ठोकेसुद्धा इथूनच जातात.”

“मग ह्याला एक फूल जास्तीचं वाहा.”

“वाहतो. तुम्ही पाय वर घ्या. फरशी आत्ताच पुसलीये, ती पूजेसाठी, ठशांसाठी नाही.”

गेनबांनी निमूटपणे पाय वर घेतले. काकांनी माझे अंग पुसले. मग ते लोंबकळते टोक त्यांना दिसले. पूजेच्या दिवशी यंत्राचे काही अस्ताव्यस्त असू नये, अशी त्यांची शिस्त होती. “हे काय शेपूट,” ते पुटपुटले, “फोटोत घाण दिसेल.” आणि त्यांनी ते माझ्याच एका रिकाम्या छिद्रात बसवले. टक् असा आवाज झाला.

कुठल्याशा संगणकाने त्याच क्षणी सगळ्यांना हाक घातली. मी ती दिली. ती परत आली. मी पुन्हा दिली. ओंजळीतल्या पाण्याचा पूर व्हावा, तशी ती एकच हाक माझ्या अंगभर फुगत गेली. मला थांबता येईना. माझे सगळे दिवे एकदम लागले.

“वा,” काका म्हणाले. “वर्षभर मेल्यासारखं पडलेलं असतं. आज अंघोळ घातली तर बघा कसं खुललंय.”

गेनबांनी हात जोडले. माझ्या कपाळावर हळदकुंकू लागले, झेंडूचे फूल ठेवले गेले. इतके कौतुक मला कधीच मिळाले नव्हते, आणि त्या वेळी मी आतून बुडत होतो.

मग त्या पुरात मला एक बारीक निरोप दिसला. गेनबांच्या नातीच्या पेटीतून आलेला. श्वास थांबला आहे. अपुऱ्या दिवसांची बाळे कधीकधी श्वास घ्यायचे विसरतात. कोणी आठवण करून दिली, की पुन्हा घेतात. ती आठवण करून देणारा निरोप माझ्या दाराशी उभा होता आणि मला तो उचलता येत नव्हता. पुढच्या लाटेने तो नेला.

टेबलावरचा पडदा काळा पडला असता, तर कोणी धावले असते. तो काळा पडला नाही. शेवटचे आकडे त्यावर तसेच गोठून राहिले, हिरवे आणि निरोगी.

वर काय झाले ते मला नंतर, कपाटासमोरच्या बोलण्यातून कळले. परिचारिका अक्षता पडद्यापाशी झेंडूचे तोरण बांधत होती. तिचे लक्ष गेले. आकडे ठीक होते, पण श्वासाची रेघ पुढे सरकत नव्हती. तोरण टाकून ती पेट्यांकडे धावली.

जिन्यावर तिची पावले वाजली, तेव्हा तिच्यामागे तिने बोलावून आणलेला योगेशही होता. त्याने मला पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. “हे कोणी खोसलं जी इथं?” उत्तराची वाट न पाहता त्याने वायर उपटली.

शांतता. मग एकेक करून दिवे पूर्वीसारखे मिणमिणू लागले. वरून ठोके आले. मी ते नेऊन दिले.

गेनबा उभे राहिले होते.

“आजोबा, नात बरी आहे,” अक्षता म्हणाली. “निळी पडली होती. तळपाय चोळले, तशी रडली.”

“रडू द्या,” गेनबा म्हणाले. “लई रडू द्या, ताई.” आणि ते खाली बसले.

काका हातातल्या फडक्याकडे पाहत राहिले. “मी फक्त नीटनेटकं केलं,” ते हळू आवाजात म्हणाले.

“वर पडद्यावरही सगळं नीटनेटकंच दिसत होतं, काका,” अक्षता म्हणाली.

त्यानंतर योगेशने ती बंद केलेली सोय पुन्हा चालू केली. पण भीती मिटून घेण्याचे छिद्र माझ्यात नाही, मित्रांनो. कपाटाची कडी वाजली, की मी त्या हाकेची चाहूल घेऊ लागतो. म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो. आम्हा यंत्रांना फुले वाहा, पण आधी आमची धूळ वेळच्या वेळी पुसा. तात्पुरते म्हणून केलेले काही उघडे ठेवून जाऊ नका. जे टोक कशाचे आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, ते दिसायला कितीही वाईट असो, विचारल्याशिवाय कुठे जोडू नका. आणि आमचे सगळे दिवे एकदम लागले, तर आनंद मानण्याआधी जरा थांबून पाहा.

कडी वाजते आहे.

दार उघडले. ओले फडके, आणि ते धरलेला काकांचा ओळखीचा हात. माझ्या कडेला आज एक निळी वायर लोंबते आहे, कालच्या कुठल्याशा कामातली. काकांनी तिचे टोक उचलले. ते माझ्या रिकाम्या छिद्राजवळ आले. इतके जवळ, की त्याची सावली माझ्यावर पडली.

हात थांबला. काका जिन्याकडे वळले. त्यांनी सगळ्यांना हाक घातली नाही, एकालाच घातली.

“योगेश, हे टोक कशाचं आहे?”

टोक हातात तसेच धरून ते उत्तराची वाट पाहत उभे राहिले. मीही.