ताईची नक्कल

रेडिओनं नजर भिंतीवर खिळवली, ओठांनी चपचप आवाज काढला आणि उजव्या हाताची बोटं ॲप्रनच्या बटणावर उगाच चाळवली. बाइंडिंगच्या कारखान्यातल्या बायकांची हसून पुरेवाट झाली. सगळ्यांचे आवाज हुबेहूब काढते म्हणून तिचं नावच रेडिओ पडलेलं. मग हसू एकाएकी विरलं. जिची नक्कल चालली होती ती ताई दारात उभी होती.

धरणीनं पोटात घ्यावं, असं रेडिओला झालं.

सुट्टी संपल्यावर ताई नेहमीसारखी तिच्या शेजारी बसून छापील कागदांना घड्या घालू लागली. हात न थांबवता म्हणाली,

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात येशील?"

"ताई, माझं चुकलं गं..."

"ते राहू दे. फिट आली की मला त्यातलं काही आठवत नाही. घरी बहीण कामावर गेलेली असते. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आणा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रेडिओला विचारलं, "पडतात? अंग ताठ होतं?"

"नाही."

"मग काय होतं? करूनच दाखवा."

रेडिओनं करून दाखवलं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. ताई टक लावून पाहत होती. स्वतःला ती पहिल्यांदाच नीट पाहत होती.

"फिट एकाच जातीची नसते," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "नुसती क्षणभर तंद्री लागते ती वेगळी, मेंदूच्या एका भागातून उठते ती वेगळी. आतापर्यंतची गोळी पहिलीवरची होती, हिच्यावर ती चालत नाही. आता कार्बामाझेपिन सुरू करू. मात्रा हळूहळू वाढवायची, मनानं बंद करायची नाही." मग रेडिओकडे वळून म्हणाले, "फार बारकाईनं पाहिलंयत. केव्हापासून होतंय हे?"

"दोन वर्षं झाली असतील."

ताईनं मान वळवली. "दोन? सहा महिने ना? फिटमध्ये माझा हात भाजला तेव्हापासून?"

सगळा कारखाना दोन वर्षं हसत होता, आणि ताईला सांगायचं एकीलाही सुचलं नव्हतं.

औषधाच्या दुकानात ताईनं गोळ्यांचं पाकीट पिशवीत ठेवलं. पायरीवर येऊन थांबली.

"बहीण कामावर गेली की भाचीला रोज मीच अंघोळ घालते," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल."