चिनी नोटांचं पुस्तक आणि एल्बेचं पाणी

फ्राऊ ल्यूर्स ते पुस्तक घराबाहेर नेऊ देत नसत. "विश्वास तुमच्यावर आहे, एस-बान लोकलवर नाही," असं त्यांनी शमिकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हणून शमिका राजवाडे रोज दुपारी लॅपटॉप आणि स्कॅनर पाठीवर घेऊन हॅम्बर्गला एल्बे नदीच्या काठी, त्यांच्या तळघरातल्या फ्लॅटवर जायची.

पुस्तक जुन्या चिनी नोटांचं होतं. फ्राऊ ल्यूर्सचे यजमान कार्ल मालवाहू जहाजांवर आचारी होते. जहाज शांघायला लागलं की बाकीचे खलाशी दारू प्यायला जायचे, आणि हा माणूस जुन्या बाजारात नोटा धुंडाळायचा. प्रांतोप्रांतीच्या सेनापतींनी छापलेल्या नोटा, बुडालेल्या बँकांच्या नोटा, सावकारी पेढ्यांच्या लांबलचक चिठ्ठ्या. खरी कोणती, नकली कोणती, शिक्का कसा वाचायचा, हे सगळं लिहून त्यांनी पदरमोड करून ते छापलं. प्रती मोजक्याच निघाल्या. नोटा जमवणारे अजून ते शोधत होते, म्हणून शमिकाच्या छापखान्यानं ते पुन्हा छापायचं ठरवलं. त्यातही कार्लनी मरेपर्यंत पेन्सिलीनं दुरुस्त्या केलेली प्रत एकच. स्कॅन नीट यावं म्हणून शमिकानं फ्राऊ ल्यूर्सच्या समोर तिची शिवण उसवली होती. सुटी पानं एका पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये होती.

हॅम्बर्ग बुडवणाऱ्या बासष्ट सालच्या मोठ्या पुराला पन्नास वर्षं उलटून गेली होती. तो डिसेंबर वादळाचा होता. दुपारी चारलाच अंधारलं आणि बंदराकडून तोफेसारखा आवाज आला. लगेच दुसरा.

"हे काय?" शमिकानं विचारलं.

"पाणी चढतंय, म्हणून इशारा देतात," फ्राऊ ल्यूर्स म्हणाल्या. "हे घर बांधाच्या बाहेर, नदीच्या बाजूला आहे. पाणी पायऱ्यांपर्यंत येतं आणि जातं. हाउसमाइस्टर येऊन दाराला फळी लावेल."

पण त्यांच्या हातातलं विणकाम थांबलं होतं.

इमारतीची देखभाल करणारा हा हाउसमाइस्टर आला नाही. आला तो प्रसन्नचा, शमिकाच्या नवऱ्याचा, फोन. तो नदीपलीकडे विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होता.

"फेरीबोट बंद केली आहे, मी इकडेच अडकलोय. तू निघालीस का?"

"आजींना वर कोणाकडे तरी सोडते आणि निघते."

"शमिका, आधी निघ. आत्ता."

तिनं फोन ठेवला आणि बाथरूममधून गुडगुड ऐकू आली. तिनं दार ढकलून पाहिलं. जमिनीतल्या जाळीतून तपकिरी पाणी वर येत होतं. सावकाश, चहा उतू जावा तसं. ती परत वळली तर बाहेरच्या दाराखालूनही एक काळी रेघ आत सरकत होती. दाराबाहेरच्या पायऱ्यांची विहीर झाली होती. दार आत उघडणारं. उघडलं तर सगळं अंगावर येणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

ती रेघ स्कॅनरच्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे चालली होती. बोर्ड तिनंच खाली जमिनीवर ठेवला होता. खुर्चीवर चढून, भिंतीला चिकटून ती प्लगपर्यंत पोचली आणि वायर धरून हिसडली. पुढच्याच क्षणी सगळीकडचे दिवे गेले.

अंधारात तिनं मोबाइलचा टॉर्च लावला. फ्राऊ ल्यूर्स पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. डोळे उघडे, पण त्या कुठेच पाहत नव्हत्या.

"फ्राऊ ल्यूर्स, चला. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या उंच उतारावर उघडते. तिथून जाऊ."

शमिकानं त्यांचा हात धरला. तो हात थंडगार आणि लाकडासारखा ताठ होता. त्या काहीतरी पुटपुटत होत्या, पण ते तिला कळणारं जर्मन नव्हतं, इथल्या जुन्या लोकांची प्लाट बोली होती. त्यातला एकच शब्द कळला, आई.

तिनं ११२ लावला. पलीकडची बाई शांत आवाजात म्हणाली की गाड्या सगळीकडे अडकल्या आहेत, शक्य तितकं उंचावर जा. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं आणि इतकं गार होतं की आधी ते भाजल्यासारखं वाटलं. फ्राऊ ल्यूर्सना उचलणं तिच्याच्यानं होणार नव्हतं. त्यांना सोडून एकटीनं खिडकीतून जाता आलं असतं. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीही भीती वाटली.

तिनं लॅपटॉप सॅकमध्ये कोंबला, ओट्यावर चढली, कुंड्या ढकलून खिडकी उघडली आणि सॅक बाहेर फेकली. वारा आत घुसला. ती मदतीसाठी ओरडली. वरच्या मजल्यावर एक खिडकी उघडल्याचा आवाज झाला.

मग तिला फोल्डर आठवला. तो टेबलावर होता. टेबल हलू लागलं होतं. ती ओट्यावरून उतरली, आता कमरेपर्यंत चढलेल्या पाण्यातून टेबलाकडे निघाली.

"नको!"

फ्राऊ ल्यूर्सचा आवाज तिनं इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"राहू दे ते. इकडे ये. इकडे ये, मुली."

"पण ती प्रत..."

"माझी आई पर्स आणायला परत आत गेली होती. बासष्टच्या पुरात, विल्हेल्म्सबुर्गला. मी छपरावरून हाका मारत होते." त्या पलंगावरून पाण्यात उतरल्या, धडपडत, कपाटाला धरत. "चल. मी येते. तू आधी चल."

टेबल उलटलं. पानं पाण्यावर पसरली आणि टॉर्चच्या उजेडात क्षणभर पांढरी दिसली. शमिकानं त्यांच्याकडे पाठ केली. तिनं फ्राऊ ल्यूर्सना खुर्चीवर चढवलं, खुर्चीवरून ओट्यावर. त्या थरथर कापत होत्या, तीही कापत होती, आणि दोघींपैकी कोण कोणाला धरून आहे ते सांगता आलं नसतं. वरच्या मजल्यावरचे यमुना आणि वासुदेव कांबळी, हे मालवणचं डॉक्टर जोडपं, मागच्या उतारावर येऊन उभं होतं. वासुदेवनं आत वाकून फ्राऊ ल्यूर्सना काखेत धरून बाहेर ओढलं. शमिका शेवटी निघाली. तिचा एक बूट आतच राहिला.

कांबळींच्या घरात, दोघी ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसलेल्या असताना, शमिका म्हणाली, "माझ्या हातून ती पानं गेली."

"गेनाऊ, बरोबर," फ्राऊ ल्यूर्स म्हणाल्या. "पानं गेली." आणि त्यांनी यमुनानं दिलेला आल्याचा चहा दोन्ही हातांनी धरला.

लॅपटॉपमध्ये पुस्तकाचा निम्म्याहून जास्त भाग होता. उरलेल्या पानांचे फोटो लाइपझिगच्या एका संग्राहकानं आपल्या प्रतीवरून पाठवले. कार्लच्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या मात्र त्या भागात नव्हत्या, त्या कायमच्या गेल्या. त्या भागापुढे तसं स्पष्ट लिहून नवी आवृत्ती पुढच्या उन्हाळ्यात निघाली. शमिका पहिली प्रत घेऊन गेली तेव्हा फ्राऊ ल्यूर्स टेकडीवरच्या वृद्धाश्रमात, तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. त्यांनी चष्मा लावून पुस्तक पहिल्यापासून चाळलं.

"शेवटच्या भागात दुरुस्त्या नाहीत याचं मला फार वाईट वाटतं," शमिका म्हणाली.

"कार्ल अर्ध्या वेळा मूळचं बरोबर असलेलंच खोडायचा," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून, "रात्री झोप लागते का तुला?"

"कधी कधी नाही."

"मलाही नाही. नाही लागली तर फोन करत जा. मी जागीच असते."