पेताचे पाय बाजारात

तिचं पूर्ण नाव इलिसापेता, पण घरीदारी सगळे पेताच म्हणत. मांगेरे या उपनगराच्या मोठ्या रस्त्यावर औषधांचं एक दुकान होतं. तिथे मागच्या कोपऱ्यात पांढरा पडदा लावून पासपोर्टचे फोटो काढायचं तिचं काम. "हसू नका. केस कानामागे घ्या. चष्मा काढा." दिवसभर हेच. संध्याकाळी खोलीवर आली की ती स्वतःचे फोटो काढायची, आणि तिथे मात्र कसलाही नियम नव्हता.

वडील सामोआ बेटांवरून आलेले, आई इथल्याच दक्षिण भागातली गोरी. पेताने रंग आईचा घेतला, खांदे आणि नाक बापाचं. शाळेत गोऱ्या पोरी विचारायच्या, "तू नक्की कुठली गं?" चर्चमध्ये सामोअन बायका म्हणायच्या, "ही आपल्या इओआनेची पालांगी पोरगी." गोऱ्यांना तिकडे पालांगी म्हणतात. बायका प्रेमानेच म्हणायच्या, पण म्हणायच्या जरूर. आई फार पूर्वीच आपल्या माणसांत निघून गेली होती. वडील वारले तेव्हा त्यांची बहीण मासिना आली, पेताच्या बॅगा स्वतःच्या गाडीत टाकल्या आणि तिला घरी घेऊन गेली. मोटारीची शेड धुऊनपुसून पेताची खोली झाली. आत्याची मुलगी लोसा तिच्याच वयाची.

त्या शेडमध्ये पेताचं फोटोंचं वेड वाढलं. काढलेला फोटो ती इंटरनेटवर टाकायची. वडिलांचा शर्ट घालून एक फोटो. तारोच्या, म्हणजे अळूसारख्या कंदांच्या, सालींच्या ढिगात बसून एक. अर्ध्या चेहऱ्याला पीठ आणि अर्ध्याला कोको फासून काढलेला एक तर खूप गाजला. सिडनीहून, होनोलुलूहून, कुठून कुठून पोरी लिहायच्या, "हे तर माझंच आहे." रोज कुणी ना कुणी तिला सांगत होतं की तू आमची आहेस. चर्चमधल्या बायकांनी हे एकदाही सांगितलं नव्हतं.

मग तिला मालु घ्यावंसं वाटलं. मालु म्हणजे बाईचं गोंदण, मांडीच्या वरच्या अंगापासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत.

आत्या म्हणाली, "घेणार असशील तर लोसाबरोबर घे. हे एकटीने घ्यायचं नसतं, जोडीने घ्यायचं असतं."

"मला कुणी विचारलंय का?" लोसा म्हणाली. पण ती तयार झाली.

गोंदणाऱ्या तुफुंगांच्या घरी दोघी चटईवर एकीमागून एक आडव्या झाल्या. हाडाच्या दातेरी फणीवर दांडक्याचे ठोके सुरू झाले. दोन बायका कातडी ताणून धरायच्या, आत्या उशाशी बसून गायची आणि मधूनच रक्त आणि शाई पुसायची. पेताच्या डाव्या मांडीत एकदम गोळा आला, तिने पाय झटकला आणि एक रेघ मधेच तुटली. तुफुंगांनी ती जोडायचा प्रयत्न केला नाही. पुढची रेघ घेतली.

परतताना गाडीत आत्या म्हणाली, "नाचताना दिसू दे. पाहुण्यांसाठी आवाचं पेय ढवळताना दिसू दे. एरवी झाकलेलं बरं."

"हो आत्या," दोघी म्हणाल्या. पेताने ते मनापासून म्हटलं होतं.

जखमा भरल्यावर एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून फार छान ऊन आलं. पेताने कमरेला गुंडाळलेला लावालावा वर खोचला, फोन टेबलावर उभा केला, पाठ फिरवून उभी राहिली आणि फोटो काढला. चेहरा नाही, नुसते पाय आणि ऊन. तिला तो तिचा आजवरचा सगळ्यात खरा फोटो वाटला. दुपारच्या सुट्टीत तिने तो टाकला. संध्याकाळपर्यंत लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं.

लोसा शेडच्या दारात येऊन उभी राहिली. "काढून टाक तो."

"का? पाय माझे आहेत."

"पाय तुझे, गोंदण आपलं. मी तुझ्याबरोबर झोपले होते त्या चटईवर. माझ्याही मांडीवर तेच आहे. मला न विचारता तू मलाच रस्त्यावर उभं केलंस."

"लोसा, त्यात तू कुठे दिसतेयस?"

लोसा निघून गेली. आत्याने फोटो पाहिला होता हे पेताला माहीत होतं, कारण आत्या इंटरनेटवर तिच्यापेक्षा जास्त असायची. पण आत्या जेवताना नुसती "अजून तारो घे" एवढंच म्हणाली. पेताने त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला.

काही महिने गेले. चर्चच्या हॉलमध्ये मंगळवारी बायकांचा झुंबा असायचा. त्या मंगळवारी आत्या लवकर परतली, गळ्यातला टॉवेलही न काढता शेडमध्ये येऊन पेताच्या खाटेवर बसली.

"पेता, आज मी तुझ्या मांड्या पाहिल्या."

"काय?"

"चार बायकांच्या अंगावर. लेगिंग्ज आहेत. सगळ्या एकसारख्या. माझ्या पुढेच उड्या मारत होत्या."

"आत्या, अशा नक्षीचे कपडे सगळीकडे मिळतात."

"मला शिकवू नकोस. त्या मांडीवरचं रक्त मी पुसलंय. तुटलेली रेघ मी ओळखणार नाही? आणि चर्चच्या पाळकीणबाईंच्याही अंगावर होती! मला हसू आवरेना, आणि मग रडू आवरेना, म्हणून घरी आले."

शनिवारच्या बाजारात पेताला ती लेगिंग्ज सापडली. फिजीहून आलेल्या एका बाईच्या गाड्यावर, टॉवेल आणि फुलाफुलांच्या झग्यांच्या मधे, प्लास्टिकच्या अर्ध्या पुतळ्यावर चढवलेली. पेता मागून बघत राहिली. रेघ न रेघ तिची होती. कारखान्याने एकाच पायाची नक्षी उचलून उलटी करून दुसऱ्या पायावर छापली होती, त्यामुळे तुटलेली रेघ दोन्ही मांड्यांवर होती.

"घे ना, ताणते चांगली," विकणारी म्हणाली. "तुझ्या मापाची आहे. फार खपतोय हा माल."

"कुठून येतो?"

"कंटेनरमधून," बाई म्हणाली. तिला खरंच तेवढंच माहीत होतं.

पेताने तिथे उभ्याउभ्या नवा कोरा पुतळा आणि त्याची ती मांडी यांचा फोटो काढला आणि संतापून टाकला. लोक पेटले. माल बनवणाऱ्या परदेशी कंपनीचा शोध लागला, हजारोंनी त्या कंपनीला शिव्या घातल्या. कंपनीचं उत्तर आलं, गोड भाषेत: ही पारंपरिक नक्षी आहे, ती कुणा एकाच्या मालकीची नाही.

पेताने ते उत्तर आत्याला वाचून दाखवलं. तिला वाटलं होतं आत्या भडकेल.

"बरोबरच बोलतायत की," आत्या म्हणाली. "नाहीच ती तुझ्या एकटीची. चोर आहेत, पण बोलले खरं. तू त्यांना दार उघडून दिलंस."

पेताने त्या रात्री स्वयंपाकघरातला फोटो काढून टाकला. काही फरक पडला नाही. तो शंभर ठिकाणी होता.

खरी अडचण वेगळीच होती. लोसाच्या भावाचं लग्न ठरलं होतं, आणि घरची मुलगी म्हणून शेवटचा नाच लोसाने करायचा होता. असल्या नाचांसाठीही आत्याने तिला मालु घ्यायला लावलं होतं. आता लोसा नाही म्हणाली.

"बाजारात लटकलंय ते. मी नाचले की मागे बसलेल्या बायका म्हणतील, अगं, माझ्याकडेही आहे असली, निळ्या रंगात."

आत्याने समजावलं, दरडावलं. लोसा ढिम्म. पेता दारात उभी राहून ऐकत होती आणि तिच्याकडे मायलेकींपैकी कुणीही बघत नव्हतं.

पुढच्या शनिवारी पेता चर्चमधल्या बायकांच्या घरोघर गेली. काय बोलायचं हे तिने ठरवलं नव्हतं. पहिल्या दारात तोंडातून निघालं, "मावशी, तुमची ती झुंब्याची लेगिंग्ज आहे ना, ते माझे पाय आहेत. मला परत द्याल का?" त्या मावशी आधी हसून हसून दाराला टेकल्या, मग तोंडावर हात ठेवून आत पळाल्या आणि घडी घालून घेऊन आल्या. दुसरीने तर पेताला जेवायलाच बसवलं. तिसरी, लेउतू नावाची नर्स, अजिबात बधली नाही.

"मी विकत घेतलीय. आणि माझ्या मापाची दुसरी मिळत नाही. तुझे पाय माझ्या अंगात आलेत हे नशीब समज."

"पण ते मालु आहे, लेउतूमावशी."

"माझ्या अंगावर ते कापड आहे. फोटो मी नव्हता टाकला बाई."

पेता पुढच्या घराकडे निघाली. लेउतूच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी पाळकांचं घर. पाळकीणबाई सेला साठीच्या आसपासच्या, नेहमी गळाबंद पांढऱ्या पोशाखात. पेताचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग उठून बैठकीच्या खोलीचं दार लावलं. आत पाळक उद्याच्या प्रवचनाची तयारी करत होते.

"मला माहीत होतं ते कुणाचंतरी खरं असणार," त्या म्हणाल्या. "नुसत्या छापाला तुटलेली रेघ कशाला असेल?" थोडा वेळ त्या हाताच्या बांगड्या फिरवत राहिल्या. "मी एकोणीस वर्षांची असताना बहिणीबरोबर चटईपर्यंत गेले होते, पेता. तिचं आधी सुरू झालं. ते ठोके ऐकले आणि मी उठून पळाले. थेट समुद्रापर्यंत. तिची जोड मोडली. दुसऱ्याच्या घरातली पोरगी आणून बसवावी लागली. बहीण तिकडे सामोआत, आपियाला असते. बोलतो आम्ही, पण यावर कधी नाही."

मग त्यांनी फोन काढला, बराच वेळ बोटाने शोधलं आणि पेतापुढे धरला. कपाटाच्या आरशात काढलेला फोटो. सेलाबाई पाठमोऱ्या, मान वळवून आरशात बघतायत, पायांत ती लेगिंग्ज. फ्लॅशच्या पांढऱ्या गोळ्याने अर्धा चेहरा खाऊन टाकलेला.

"कुणालाही दाखवला नाही हा. ह्यांनाही नाही. हसू नकोस."

"नाही हसत."

पेताला खरंच हसू आलं नाही. तिने स्वतःचे इतके फोटो काढले होते, पण कुणालाही न दाखवण्यासाठी एकही काढला नव्हता, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

सेलाबाईंनी लेगिंग्ज कागदी पिशवीत घालून दिली. पेता जिना उतरत असताना त्यांनी वरून विचारलं, "ते तुफुंगा अजून इथेच असतात का गं?"

संध्याकाळी पेताने जमवलेल्या लेगिंग्ज लोसाच्या पलंगावर ठेवल्या. "एवढ्याच मिळाल्या. लेउतू देत नाही. बाजारात अजून ढीग आहे, त्याला मी काही करू शकत नाही. मी तुला विचारायला हवं होतं लोसा. चुकलं माझं."

लोसाने एक उचलली, ताणून उजेडात धरली. दोन्ही पायांवरची तुटलेली रेघ बघितली.

"चटईवर तू एका पायावर बोंबललीस," ती म्हणाली, "यांनी तुला दोन्ही पायांवर बोंबलायला लावलं."

"गाढवं आहेत."

"तूही आहेस." लोसाने ती तिच्या अंगावर फेकली. "नाचेन मी. तुझ्यासाठी नाही, दादासाठी. आणि तुझा फोन तुझ्या शेडमध्ये राहील."

फोन शेडमध्येच राहिला. पण लग्नाच्या हॉलमध्ये बाकीचे दोनशे फोन होते. लोसा अंगभर तेल लावून, डोक्यावर पिसांचा मुकुट घालून मधे आली, हळूहळू गुडघ्यात वाकली आणि बारीक विणीच्या चटईच्या पोशाखाखालून मालु दिसलं, तेव्हा सगळे हात फोन घेऊन वर गेले. पेता उठली, कुणाकुणाला थांबवणार म्हणून परत बसली. लोसाने कुणाकडे पाहिलंही नाही. आत्या तिच्या मागे दोन्ही हात पसरून आरोळ्या देत नाचत होती आणि तिचे गाल भिजले होते. दुसऱ्या दिवशी नाच सगळीकडे फिरत होता. लोसाने न्याहारी करताकरता तो पाहिला आणि म्हणाली, "हात बरे चाललेत माझे." एवढंच.

पेताने फोटो सोडले नाहीत. टाकते मात्र कमी. काही लोकांनी विचारलं, काही विसरून गेले.

हिवाळा संपता संपता सेलाबाई तुफुंगांच्या चटईवर आडव्या झाल्या. जोडीला त्यांनी लेउतूला पटवून आणलं होतं. कसं ते कुणाला कळलं नाही. उशाशी आत्या गायला बसली, आणि कातडी ताणून धरायला पेता. पहिल्या ठोक्याला सेलाबाईंच्या तोंडून जो शब्द निघाला तो पाळकांच्या घरात कधी कुणी उच्चारला नसेल. लेउतू म्हणाली, "बाई, पळायचं असेल तर आत्ताच पळा, माझी जोड मोडली तर हाडं मोडेन." तुफुंगासुद्धा हात थांबवून हसले.

सगळं उरकल्यावर घामाने थबथबलेल्या सेलाबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"पेता, माझा एक फोटो काढ. चेहऱ्याचा. असाच."

"कुणाला पाठवायचा?"

"आपियाला, बहिणीला."

पेताने काढला. मागे तुफुंगांची चटई आणि दांडकं आलं. सेलाबाईंनी स्वतःच्या बोटाने पाठवला, खाली एक अक्षरही न लिहिता. दोन मिनिटं झाली नसतील, फोन वाजला. पलीकडून एक म्हातारा आवाज रडत रडत ओरडत होता, तो सगळ्या खोलीला ऐकू गेला.

"चेहरा काय दाखवतेस, मूर्खे! पाय दाखव!"

"ते बघायला तूच ये इकडे," सेलाबाई म्हणाल्या, आणि लेउतूला पाणी द्यायला वळल्या.